नुसतं पडून राहण्याचा उपास

त्या वर्षी लेंट, ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपास, सुरू झाला तेव्हा मी देवाशी सौदा केला होता. प्रार्थना म्हणून केला, पण होता सौदाच. राखेच्या बुधवारी आम्ही भिवंडीहून एसटीने कल्याणला उपासनेला गेलो होतो. पाळकसाहेब पश्चात्तापाबद्दल बोलत होते आणि मी गुडघे टेकून, डोळे घट्ट मिटून मनातल्या मनात सांगत होते, की प्रभू, हे चाळीस दिवस मी असे पाळीन की कुठेही बोट ठेवायला जागा राहणार नाही, पण त्याच्या बदल्यात हे बाळ तेवढं राहू दे. माझ्या पोटात तिसऱ्यांदा जीव आला होता. पहिला तिसऱ्या महिन्यात गेला होता, दुसरा चौथा महिना संपता संपता. दोन्ही वेळी आनंदाच्या भरात मी सगळ्यांना सांगून मोकळी झाले होते आणि मग येईल त्याचं सांत्वन ऐकून घेताना मला जीव नकोसा झाला होता. म्हणून या वेळी तोंडाला कुलूप लावलं. आमच्या ह्यांनासुद्धा सांगितलं नव्हतं. फक्त देवाला माहीत होतं, आणि त्यालाही मी अटी घालून बसले होते.

माझा स्वभावच तसा. शाळेत शिकवणारी बाई, मुलांकडून काम चोख करून घ्यायची सवय, ती देवाकडेही तशीच गेली. कुणाचं काही अंगावर राहिलेलं मला खपत नसे. चाळीत कुणी वाटीभर कालवण दिलं की दुसऱ्या दिवशी ती वाटी भरून परत गेलीच पाहिजे, नाही तर मला झोप यायची नाही. आमचे हे हसायचे. म्हणायचे, अगं, लोक प्रेमाने देतात आणि तू पावती फाडल्यासारखी परत करतेस. मी म्हणायची, तुम्हाला नाही कळायचं. दर वर्षी लेंटमध्ये मी मटण-मासे, गोडधोड आणि चहा सोडत असे. चहा सोडणं माझ्यासाठी सगळ्यात अवघड, त्यामुळे मी ते चारचौघांत जरा ठसक्यातच सांगत असे.

आम्ही कामतघरला एका चाळीत राहत होतो. हे एका यंत्रमागाच्या, लूमच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करणारा माणूस. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. समोरच्या खोलीत हमीदाखाला राहायच्या. कोकणी मुसलमान, साठीच्या आसपासच्या, नवरा वारलेला, मुलगा-सून एकत्र. माझ्यापेक्षा वयाने मोठ्या, पण मला 'बाई' म्हणायच्या, कारण त्यांची नात माझ्या शाळेत होती. त्या वर्षी आमचा लेंट लागला आणि दोन दिवसांतच त्यांचा रमजान. सगळी चाळ, सगळी गल्ली उपाशी. मार्च महिन्याचं ऊन, आणि खालांसकट सगळे पहाटेपासून सूर्य मावळेपर्यंत पाण्याचा थेंबही न घेता हसतखेळत कामं करतायत. माझ्या वर्गातल्या एकदोन मुलींनीही रोजा धरला होता. त्यांच्यासमोर बाटली तोंडाला लावताना मला लाज वाटायला लागली. त्यांचा उपास पाण्याविना आणि माझा काय, तर चहाविना! ठसक्यात सांगण्यासारखं त्यात काही उरलंच नाही.

मग मी ठरवलं की आपणही पाणी सोडायचं. पहाटे खालांच्या घरात भांडी वाजली की मीही उठून भाकरी खायची, पाणी प्यायची, आणि मग संध्याकाळी त्यांचा रोजा सोडायचा भोंगा वाजेपर्यंत काही नाही. आमच्या चर्चच्या मंडळीत असं कुणी करत नाही, कुणी सांगितलेलंही नाही. भिवंडीत राहून लेंट पाळणारी एखादी हट्टी बाईच असलं काही करू जाणे. ह्यांना वाटलं मी नेहमीसारखा उपास करतेय. पोटातल्या बाळाचं काय, हा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही. आला. पण मला वाटलं, जेवढं कडक तेवढं देवाला दिसेल, आणि दिसेल तेवढं तो राखेल. आज हे लिहिताना माझ्याच अंगावर काटा येतो.

दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी शाळा सुटल्यावर मी धामणकर नाक्यावर उतरले. घरी जायला तिथून रिक्षा बदलावी लागे. ऊन नुसतं रणरणत होतं, ट्रकांची रांग लागली होती, आणि डोळ्यांपुढे एकदम काळोख आला. शुद्धीवर आले तेव्हा माझं डोकं एका बाईच्या मांडीवर होतं. पडघ्याकडच्या कुठल्याशा गावाहून भाजी घेऊन येणारी ती बाई, पदर खोचलेला, हाताला मेथीचा वास. तिने ओंजळीत पाणी घेऊन माझ्या ओठांना लावलं. मी तोंड फिरवलं आणि पुटपुटले, की माझा उपास आहे. ती माझ्या चेहऱ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "उपास तुझा हाय ना गो बाय? मग पोटातल्या पोराला कशाला उपाशी ठेवतंस?"

मी गारच पडले. जे मी नवऱ्याला सांगितलं नव्हतं, ते या बाईला कसं कळलं? तिने चार बाळंतपणं केली असतील, दहा बघितली असतील, बायकांना चेहऱ्यावरून कळतं, हे सगळं मला आज समजतं. पण त्या क्षणी मला वाटलं की कुणीतरी मला नावाने हाक मारली. मी गटागटा पाणी प्यायले. तिनेच रिक्षा थांबवली, रिक्षावाल्याला दम भरला की सावकाश चालव, आणि ती आपल्या टोपलीकडे परत गेली. पुढच्या आठवड्यात आमचे हे तिचे आभार मानायला मुद्दाम नाक्यावर गेले. तिला काही आठवेना. उन्हात रोज कुणी ना कुणी पडतंय, कुणाकुणाला ध्यानात ठेवू, असं म्हणून तिने ह्यांच्या गळ्यात चवळीच्या दोन जुड्या मारल्या. मला आधी वाईट वाटलं. मग वाटलं, बरंच झालं. देवाने ज्याच्या हातून काम करून घेतलं त्याला ते लक्षातही राहू नये, यात काहीतरी सुंदर आहे.

त्या दुपारी मी घरी पोचेपर्यंत रक्त दिसायला लागलं होतं. शेजारणीकडे उसनं हसून मी दार लावून घेतलं आणि हे ड्युटीवरून येईपर्यंत पलंगावर बसून राहिले. हे आले, मी सगळं सांगितलं, आणि आम्ही तसेच लेडी डॉक्टरांकडे गेलो. त्या आम्हाला आधीच्या दोन्ही वेळांपासून ओळखत होत्या. त्या रागावल्या नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. म्हणाल्या की बाळ अजून आहे, पण नुसतं आहे एवढंच म्हणता येईल. औषधं दिली आणि सांगितलं की आता अंथरुणातून उठायचं नाही. संडासला जाण्यापुरतं सोडून पाय जमिनीला लावायचा नाही. शाळा नाही, स्वयंपाक नाही, पाण्याचा हंडा नाही. किती दिवस, असं मी विचारलं. तर म्हणाल्या, मी सांगेपर्यंत. आणि उपास? त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला उत्तर मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी माझ्या उशाशी गुडघे टेकले. इथे एक गोष्ट सांगायला हवी. लूमच्या आवाजात वर्षानुवर्षं काढलेल्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. ह्यांना दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं, आणि देवाशी बोलतानाही ते कारखान्यात बोलायचे तसेच बोलायचे. त्यांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. प्रभू, माझ्या बायकोच्या पोटात बाळ आहे, आधीची दोन गेली, हिला उठायची बंदी आहे, घरात करणारं कुणी नाही, हिची आई नाही, माझी आई गावाला अंथरुणाला खिळलेली, मी ड्युटीवर जाणार, तर हिच्याजवळ कुणाला तरी पाठव. मी त्यांचा हात ओढतेय, हळू बोला म्हणून खुणा करतेय, पण डोळे मिटलेले. आमची भिंत म्हणजे पत्र्यावर मारलेला चुना. चाळीतली भांडी घासायची थांबली, नळावरची बडबड थांबली. मी जपून ठेवलेलं गुपित ह्यांनी आमेन म्हणायच्या आत सगळ्या चाळीला सांगून टाकलं होतं. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

हे उठून चपला घालतायत तोवर हमीदाखाला दारात उभ्या. देवाच्या आधी ती प्रार्थना त्यांनीच ऐकली असावी. आत आल्या, ह्यांना म्हणाल्या, तू जा कामावर, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, आता तू उठायचं न्हाय. मी हाय." एवढंच. कसं काय, कधीपासून, काही विचारलं नाही. पदर खोचला आणि चुलीवरचा रिकामा टोप बघून तशाच परत गेल्या.

त्या दिवसापासून त्या सकाळी येऊन घर झाडायच्या, पाणी भरायच्या, माझं अंग पुसून द्यायच्या, आणि दुपारी ताट घेऊन यायच्या. स्वतःचा रोजा. पहाटेपासून पोटात काही नाही, आणि ह्या माझ्यासाठी रांधतायत. मी हजारदा सांगितलं, की खाला, नका करू, हे सकाळी पोळीभाजी करून ठेवतील. त्या म्हणायच्या, तुझा नवरा लूम नीट करतो, पोळी त्याच्याच्याने होणार न्हाय. आणि मला मटण चालत नाही हेही त्यांच्या ध्यानात होतं. माझ्यासाठी त्यांनी एक वेगळा टोप काढला होता, ज्यात कधी मटण शिजलं नव्हतं. तुझाही रोजाच हाय ना, म्हणाल्या, मग तो मोडायचं पाप माझ्या माथी नको.

एक गोष्ट मला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळली. एकदा खिचडी अशी खारट की तोंडात धरवेना. दुसऱ्या दिवशी डाळीत मीठच नाही. मला वाटलं वयामुळे होत असेल. मग लक्षात आलं, की त्या चाखून बघत नाहीत. रोजा असताना कशा चाखणार? जिभेच्या टोकाला लावून थुंकलं तर चालतं असं त्यांची सून म्हणाली, पण खाला म्हणाल्या, माझं मन न्हाय मानत. हाताच्या अंदाजाने मीठ टाकायच्या आणि ताट माझ्यापुढे ठेवून माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या. मी पहिला घास घेतला की विचारायच्या, बरं झालंय? मी म्हणायची, छान झालंय. त्या खारट खिचडीचा एकेक घास गिळताना माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं, आणि त्यांना वाटायचं तिखट जास्त झालं.

हे सगळं सांगायला गोड वाटतं, पण तेव्हा मला ते मुळीच गोड वाटत नव्हतं. मी आतून धुमसत होते. देवावर राग होता. मी तुझ्यासाठी एवढं करायला निघाले आणि तू मला काहीच करू देत नाहीस? आणि खालांचा तर मला जवळजवळ राग यायचा. रोज भरलेलं ताट येतंय आणि रोज रिकामं जातंय. परत भरून पाठवायला माझ्याकडे काही नाही. मी पडल्यापडल्या ठरवायची, की बाळंतपण झालं की यांना भारी साडी घ्यायची, नातीची शिकवणी फुकट घ्यायची, सुनेला मशीनवर शिवण शिकवायचं. यादी वाढत जायची आणि माझा जीव घुसमटत जायचा. ज्याला घेता येत नाही त्याला प्रार्थना कशी जमणार, हे मला त्या वेळी कळत नव्हतं.

लेंटमध्ये दर बुधवारी आमच्या मंडळीची प्रार्थना कुणा ना कुणाच्या घरी असे. भिवंडीत आम्ही ख्रिस्ती घरं मोजकीच, त्यामुळे प्रत्येकाची पाळी येई. आमची पाळी आली तेव्हा मी निरोप पाठवला की या वर्षी आमच्याकडे नको, मी चहासुद्धा देऊ शकणार नाही. त्यावर उलटा निरोप आला, की तुझा चहा प्यायला कुणी येत नाही. सगळे आले, माझ्या पलंगाभोवती दाटीवाटीने बसले. बाहेर लूमची खडखड चालूच होती, तिच्यावर आवाज चढवून सगळे गात होते. प्रार्थना संपता संपता भोंगा वाजला आणि खालांच्या घरून खजूर आणि फळांची थाळी आली. पाळकसाहेबांनी खजूर उचलला आणि मला म्हणाले, बाई, या वर्षी तुमच्यावर मोठी कृपा आहे. मला ते टोचलं. मी आडवी पडलेय, शाळा बुडतेय, जीव टांगणीला लागलाय, आणि हे म्हणतायत कृपा!

त्याच आठवड्यात मी खालांना विचारलं, की तुमच्यात गरोदर बाई रोजा धरते का. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या की अशा बाईला सवलत आहे, आजाऱ्याला आहे, प्रवासात असणाऱ्याला आहे, नंतर सवडीने धरावा. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अल्लाने आम्हाला सवलत दिली, तुझ्या देवाने तुला न्हाय दिली? का दिली, आणि तूच घेत न्हायस?" एवढं बोलून पुन्हा भाजी निवडायला लागल्या. त्यांना काही मोठं बोलल्यासारखं वाटलं नसावं. मी मात्र भिंतीकडे तोंड केलं.

मग ईदच्या आधी दोन दिवस पुन्हा रक्त दिसलं. चौथा महिना संपता संपता. दुसरं बाळ गेलं होतं ते याच सुमाराला, अशाच एका सकाळी. हे कामावर होते. खाला धावत येऊन बघून गेल्या, डॉक्टरांना निरोप गेला, त्या येऊन इंजेक्शन देऊन गेल्या, आणि म्हणाल्या की आता आपल्या हातात काही नाही, वाट बघू. ते शब्द ऐकून मला आधी ओरडावंसं वाटलं. मग काय झालं ते मला नीट सांगता यायचं नाही. मी छताच्या पत्र्याकडे बघत पडले होते. माझ्याकडे देवाला द्यायला काहीच उरलं नव्हतं. उपास नव्हता, व्रत नव्हतं, सेवा नव्हती, उठून गुडघे टेकण्याचीसुद्धा परवानगी नव्हती. सौद्यात टाकायला खिशात काही नसलेला माणूस बाजारात उभा असावा तशी मी होते. आणि मी म्हटलं, प्रभू, हे बाळ तुझं आहे. राहिलं तर तुझं, नाही राहिलं तरी तुझं. मीही तुझीच. मला आता काही बोलता येत नाही. त्यानंतर मला गाढ झोप लागली. किती तरी दिवसांनी लागली.

जाग आली तेव्हा पोटात दुखत नव्हतं. संध्याकाळपर्यंत रक्त थांबलं. मी यावर काही म्हणत नाही. इंजेक्शनने थांबलं असेल, विश्रांतीने थांबलं असेल. मी एवढंच सांगते की ते थांबायच्या आधीच माझी भीती गेली होती, आणि ती कुठल्या इंजेक्शनने गेली ते मला माहीत नाही.

ईदच्या सकाळी साडीवर नवा दुपट्टा ओढून खाला शीरखुर्म्याचा वाडगा घेऊन आल्या. आमचा लेंट संपायला अजून दोन आठवडे होते आणि गोड मी सोडलेलं होतं. त्यांच्या हे ध्यानात नव्हतं. वाडगा माझ्या हातात देऊन त्या उभ्या राहिल्या. महिनाभर न चाखता रांधलेल्या बाईने आज पहिल्यांदा चाखून, साखर बघून काहीतरी केलं होतं. मी चमचा उचलला आणि सगळा वाडगा संपवला. इतकं गोड मी आयुष्यात काही खाल्लं नाही. वाडगा परत देताना तो रिकामा होता, आणि पहिल्यांदाच मला त्याचं काही वाटलं नाही.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, गुरुवारी दुपारी, खाला गरम पाण्याचा टोप घेऊन आल्या. रोज त्या माझं अंग पुसायच्या, पण पायांना मी हात लावू देत नसे. आईच्या वयाची बाई, तिने माझ्या पायाला हात लावायचा म्हणजे काय? पाय पोटाशी घ्यायची आणि म्हणायची, राहू दे. त्या दिवशी त्यांनी ऐकलंच नाही. माझे पाय ओढून टोपात घातले आणि म्हणाल्या, टाचा बघ कशा झाल्यात, शाळेत शिकवते का नांगर धरते? मी ओढायला गेले, तर घोटा घट्ट धरून ठेवला. मग मी सोडून दिलं. त्यांनी दगडाने टाचा घासल्या, बोटांच्या मधून फडकं फिरवलं, खोबरेल चोळलं, आणि पाणी मोरीत ओतून निघून गेल्या. संध्याकाळी सगळी मंडळी कल्याणला उपासनेला गेली होती. हे माझ्यासाठी घरी थांबले आणि त्या रात्रीचं शास्त्रवाचन त्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. प्रभूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, आणि त्यांतला पेत्र कसा नको नको म्हणाला, ते. लहानपणापासून दर वर्षी ऐकलेलं. मी नेहमी स्वतःला पाय धुणाऱ्याच्या जागी बघत आले होते, सेवा कशी करावी हे शिकत आले होते. पाय पुढे करून बसणाऱ्याला काय वाटलं असेल, हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं. ह्यांनी विचारलं, रडतेस का? मी म्हटलं, तेलाचा वास झोंबतोय. त्यांना ते ऐकू आलं नाही, ते पुढे वाचत राहिले.

ईस्टरला मी देवळात गेले नाही. पहाटे हे एकटेच गेले. मी खिडकी उघडून पडले होते. दुसरं बाळ गेलं होतं तो टप्पा मागे पडला होता, आणि त्याच्यापुढे मी कधी आलेच नव्हते. सगळं नवीन होतं. डॉक्टरांनी हळूहळू उठायला, मग घरात चालायला परवानगी दिली. मे महिन्यात त्यांनी तपासायला बोलावलं. खाला बरोबर आल्या. डॉक्टरांकडे एक लाकडी नळी होती, ती पोटावर ठेवून त्या बाळाचे ठोके ऐकत. त्या बराच वेळ कान लावून होत्या, नळी इकडून तिकडे सरकवत होत्या, आणि कपाळाला आठी पडली. मग त्या सरळ झाल्या आणि म्हणाल्या, भिंतीपलीकडे लूम चालू आहेत, या खडखडाटात मला माझं स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही, बाळाचं काय ऐकू येणार? शुक्रवारी या. शुक्रवारी लूमना सुट्टी असते.

शुक्रवार उजाडेपर्यंत मी काही मागितलं नाही. मागायचं होतं ते मागून झालं होतं. शुक्रवारी आम्ही गेलो तेव्हा सगळी भिवंडी गप्प होती. एरवी दिवसरात्र कानात भरलेला आवाज नाही, दूरवर एखाद्या कोंबड्याचं ओरडणंसुद्धा ऐकू येत होतं. डॉक्टरांनी नळी ठेवली, कान लावला. आणि हसल्या. मला म्हणाल्या, तुझ्या पोटातलं तुला नाही ऐकता यायचं, आणि त्यांनी खालांना बोलावलं. खाला वाकल्या, दुपट्टा मागे सारून नळीला कान लावला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मी विचारलं, खाला, काय ऐकू येतंय? त्यांनी माझा हात हातात घेतला आणि एका बोटाने माझ्या तळव्यावर वाजवायला लागल्या. भराभर, एकसारखं, न थांबता.

मुलगी झाली, गणपती उठल्यानंतर. ती सुखरूप आहे, मोठी झाली आहे. खालांसाठी केलेली ती लांबलचक यादी मी कधीच पुरी केली नाही. पुरी करायची नसते, हे मला कळलं. प्रभूचे उपकार मानते की त्याने माझा उपास माझ्या हातातून काढून घेतला आणि मला रिकाम्या हाताने बसवलं. आजही प्रार्थनेला बसले, की काही मागायच्या आधी मी नुसता तळवा उघडा ठेवते.